दोन खुणांमध्ये

८ जुलै २०२४, सोमवार

बँकेच्या फाटकातून आत वळताना लाल दिवा लागला आणि विझला. तेलाच्या किटलीचं चित्र असतं तो. पार्किंगमध्ये मुद्दाम गोल फिरवून बघितली. परत लागला.

जेवणाच्या सुट्टीत पट्टी काढली, पुसली, बुडवली, परत काढली. कोरडी. टोकाला थेंब.

संध्याकाळी लिटरचा डबा ओतला. तरी खालच्या खुणेला टेकेना. दुसरा आणला. वरच्या खुणेला पोचली तेव्हा त्या डब्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं.

मार्चच्या सर्व्हिसिंगला ९०,३१० किलोमीटर. आज ९३,४८०. म्हणजे ३,१७० किलोमीटरमध्ये जवळपास दोन लिटर. एवढ्या दिवसांत बॉनेट एकदाच उघडलं, तेही वायपरचं पाणी भरायला.

गेलं कुठे?

९ जुलै

सर्व्हिसिंगवाल्यांकडे गेले. काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्या मागे बघितलं, सर कुठे आहेत म्हणून. मग म्हणाला, "बारा वर्षांची गाडी आहे मॅडम, थोडं खाणारच." थोडं म्हणजे किती? "ते सांगता येत नाही." बरं, उपाय? "इंजिन उतरवावं लागेल. पंचेचाळीस-पन्नास धरा."

न बघता, न उघडता पन्नास हजार. गाडीलाच दीड लाख कोणी देणार नाही.

१० जुलै

दादाचा डोंबिवलीहून फोन. गाडीचं सांगायला नको होतं. "काढून टाक. आणि आईलाच कराडला आण, म्हणजे दर पंधरा दिवसांनी घाट उतरायला नको." एका फोनमध्ये गाडी आणि घर, दोन्ही निकालात.

१२ जुलै

रात्री गाडीखाली जुने पेपर अंथरले. पावसाने अर्धे भिजले. जे कोरडे राहिले त्यांवर टिकलीएवढा एकच डाग, टॅपेट कव्हरच्या बाजूला. दोन लिटर असं टिकली-टिकलीने जात नाही. म्हणजे गळत नाहीये. जळतंय.

१३ जुलै, दुसरा शनिवार

कराड-चिपळूण. डिकीत एक लिटरचा डबा. हेळवाकपासून पुढे नुसतं धुकं. कुंभार्ली उतरताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पोफळीला हायसं वाटलं.

आई ओट्यावरच उभी. "काय गो, इतका उशीर?" हिंगाचा वास, पोहे. बाहेरच्या खोलीत २०२१ च्या पुराची रेघ तशीच आहे, माझ्या खांद्याच्या वर. दोनदा रंग काढला, दोनदा तेवढी पट्टी सोडून काढायला लावला तिने. रंगाऱ्याने कारण विचारलं तर म्हणे, "असू दे."

१५ जुलै

पट्टी कधी आणि कुठे बघायची यावर ह्यांच्याशी वाद. गाडी बंद केल्या केल्या बघितली तर तेल अजून वरच असतं, कमी दिसतं. आमच्या दारातला उतार वेगळाच, तिथे नाक खाली. एकाच गाडीची दोन आकडे सांगणारी पट्टी.

ठरवलं: बँकेच्या पार्किंगमधली खांबाजवळची जागा, सपाट आहे. सकाळी पोचल्यावर नाही, संध्याकाळी निघताना, चालू करायच्या आधी. आठ तासांत सगळं खाली उतरलेलं असतं.

१६ जुलै

किती घातलं ते मोजायला काही हवं. स्वयंपाकघरातलं माप द्यायला जीव होईना. माळ्यावर लेकीची दुधाची बाटली सापडली, २५० मिलीची. खुणा अजून स्पष्ट. तिला फोटो पाठवला. उत्तर: "आई, प्लीज."

१८ जुलै

शेजारच्या काकू फाटकाशी. "तुझी गाडी सकाळी सुरू झाली की आमच्या खिडकीत कसला गं वास येतो?" सॉरी म्हटलं. काकूंना वास सगळ्याचाच येतो.

२० जुलै

सल्ले. हेड कॅशियर: जाड तेल घाल, २० डब्ल्यू ५०, खाणं बंद. शिपाई: बाटली मिळते, ओतायची, रिंगा सुटतात. दादा: विक. जाऊबाई: लिंबू-मिरची.

२२ जुलै, सोमवार

आज पुराला तीन वर्षं झाली. आईला फोन केला. ती त्याबद्दल बोलली नाही, मीही नाही. फणसाच्या आठळ्या वाळत घातल्यात म्हणाली. या पावसात?

रात्री डोक्यात भलतंच आलं. ही गाडी आपण डिसेंबर २०२१ ला घेतली. नंबर एमएच ०९. त्या जुलैत कोल्हापुरातही पाणी होतं. त्यानंतर किती गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील.

२३ जुलै

अकरा वाजता बॅटरी घेऊन गाडीत. कुठेतरी वाचलं होतं, पट्टा पूर्ण ओढून बघायचा, कारण धुणारे शेवटचा भाग धूत नाहीत. चारही पट्टे शेवटपर्यंत ओढले. गुंडाळीतला शेवटचा वीतभर भाग नवा कोरा, बाहेरच्यापेक्षा गडद. चिखलाची रेघ नाही. सीटचे बोल्ट, खालचे रूळ: गंज नाही. गालिचा उचलला: एक रुपया, एसटीचं तिकीट, मुखवासाची बडीशेप. स्टेपनीखाली वाळू आहे, पण ती गुहागरची. आपलीच.

पुरातली नाही. उगाच विकणाऱ्या माणसावर संशय घेतला.

ह्यांनी खिडकीतून विचारलं, काय शोधतेस. रुपया दाखवला.

२९ जुलै

१३ आणि २७, दोन फेऱ्या झाल्या. ९४,१३०. वरच्या खुणेपासून ६५० किलोमीटर. बाटलीने घातलं: ४०० मिली. हजाराला सहाशेच्या वर. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत अर्धा लिटर, काहींत तर लिटरभरही चालेल असं लिहिलेलं असतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत फक्त "नियमित तपासा."

७ ऑगस्ट

पीयूसी काढली. पास. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, दोन्ही मर्यादेत. उभ्या गाडीला नळी लावली की ती शहाण्या मुलीसारखी वागते.

९ ऑगस्ट

आईने येऊ नको म्हटलं. पाऊस फार. आवाज बसलेला वाटला. "काही नाही गो, ओरडून ओरडून. मांजर आलंय." मांजरावर ओरडून आवाज बसतो?

२३ ऑगस्ट, शुक्रवार

२९ जुलैपासून फक्त गावात. ९४,४४०, म्हणजे ३१० किलोमीटर. बाटलीतून गेलं ६० मिली. परत बघितलं. साठच.

हिशेब जमत नाही. गावात हजाराला दोनशेही नाही. मग जुलैत सहाशे कसं?

२६ ऑगस्ट

शनिवार-रविवार चिपळूण केलं. १८५ किलोमीटर. १७० मिली.

घाट पितो.

(आईला ताप होऊन गेला होता. मांजर-बिंजर काही नाही. शेजारणीकडून कळलं.)

१ सप्टेंबर, रविवार

मलकापूरला एक मिस्त्री आहेत असं बँकेतल्या ड्रायव्हरने सांगितलं. पत्र्याची शेड, एक मुलगा, एक कुत्रं. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान अन् पान वाचलं. पन्नास हजाराचं सांगितलं तर हसले नाहीत, नुसतं नाक चोळलं.

एकच प्रश्न विचारला: "चढताना खातीया का उतरताना?"

मला काय माहीत. मी पुढे बघून चालवते.

मग त्यांनी सांगितलं, ते इथे उतरवून ठेवते. घाट चढताना इंजिनावर जोर असतो. रिंगा झिजल्या असतील तर तेव्हा तेल वर येऊन जळतं. उतरताना पाय उचललेला, गाडी दुसऱ्या गिअरला, इंजिन नुसतं ओढलं जातंय. हवेची वाट बंद, त्यामुळे आत जबरदस्त ओढ तयार होते. व्हॉल्वचे सील कडक झाले असतील तर ती ओढ वरचं तेल व्हॉल्वच्या दांडीवरून खाली खेचते. ते तिथेच साठतं, आणि घाट संपून पुन्हा पाय दिला की भसकन निळा धूर. "निळा मंजी ऑइल. पांढरा मंजी पाणी. काळा मंजी पेट्रोल जादा. तुमचा कुठला?"

दिसलाच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुंभार्लीत धूर कुठला आणि धुकं कुठलं.

चारही प्लग काढले. दोन आणि तीन नंबरचे आटे ओले, काळे. मग कॉम्प्रेशन. गेज प्लगच्या जागी बसवला, मुलाने स्टार्टर मारला. १७५, १७०, १७२, १७०. मग प्रत्येकात चमचाभर तेल सोडून परत. पाच-सहाने वाढलं, जास्त नाही. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा चांगलाच चढला असता.

"मग रिंगा चांगल्या?" मी खूश.

"तसं न्हाई." वरच्या दोन रिंगा दाब धरतात. तिसरी, खालची, भिंतीवरचं तेल पुसते. ती काजळीने चिकटली तर तेल खाते, पण गेजला पत्ता लागत नाही. म्हणजे गेज खोटं सांगत नाही, अर्धं सांगतं.

आधी स्वस्तातलं बघू म्हणाले. टॅपेट कव्हरवरचा अंगठ्याएवढा व्हॉल्व उपटला, कानाशी हलवला. माझ्या कानाशी हलवला. "वाजतोय?" नाही. "खुळखुळा वाजाय पायजे." आत चिकटून बसलेला. खालची वाफ जायची वाट बंद, म्हणून ती दुसऱ्या नळीतून एअर फिल्टरकडे, जाताना तेल घेऊन. फिल्टरचा डबा उघडला तर कोपऱ्यात तेलाचं तळं. नवा व्हॉल्व ३५० रुपये.

तपासणीचे पैसे घेतले नाहीत. "उतरताना मागं बघा," म्हणाले. उतरताना मागं कसं बघायचं?

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

चिपळूण. दादा-वहिनी काल रात्रीच पोचले. त्यांना वाटेत चौदा तास. आरतीला दादाचा आवाज अजून सगळ्यांत वर लागतो.

दुपारी मोदकांनंतर पडवीत घराचा विषय. एक गिऱ्हाईक आहे म्हणे. आई सुपारी कातरत होती. "मी कुठे नको म्हटलंय," म्हणाली. कातरत राहिली.

९ सप्टेंबर

९४,९००. या फेरीला १२० मिली. १७० चे १२०. साडेतीनशे रुपयांत पन्नास मिली वाचले. उरलेले कुठे जातात?

१९ सप्टेंबर

काकू परत. वास आता कमी येतो का विचारलं. "वास आहेच. आणि धूर पण. निळसर. तू गेलीस की विरतो."

मला आत बसून दिसत नाही. आणि मी त्यांना सॉरी म्हणून गप्प केलं होतं, दोन महिन्यांपूर्वी.

२८ सप्टेंबर, चौथा शनिवार

ह्यांनी चालवली. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून. लहानपणी एसटीत असे बसायचो. सकाळची वेळ, ढग वरच थांबलेले, दरी मोकळी.

पाटण ते हेळवाक, चढाला जोर दिला तरी काही नाही. मागे स्वच्छ.

घाट सुरू. दुसरा गिअर, पाय वर. एक वळण, दुसरं, दहावं. काही नाही. मला मळमळायला लागलं. ह्यांना थांबा म्हणणार तेवढ्यात उतार संपला, त्यांनी पाय दिला.

निळा. बंब पेटवल्यावर पहिला येतो तसा. मागची काच भरून, तीन-चार सेकंद, मग उन्हात फाटत गेला. मागच्या दुचाकीवाल्याने तोंडावर हात धरला.

"दिसला?" ह्यांनी विचारलं. दिसला. मग उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली. ती पण दिसली त्या दुचाकीवाल्याला.

२९ सप्टेंबर

येताना घाट चढलो. मी परत मागे तोंड करून, आल्याची वडी चघळत. पूर्ण चढ, पहिला-दुसरा गिअर, पुढे ट्रेलर. मागे काही नाही.

मिस्त्रींना फोन. "उतरताना," एवढंच म्हटलं. "आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना." पलीकडे हूं झालं. "रातभर तेल मुरतंय सीलमधनं. या रविवारी आणा."

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा, मलकापूर. घरी जा म्हणत होते. गेले नाही.

मला वाटलं होतं हेड उतरवणार. नाही उतरवलं. टॅपेट कव्हर काढलं, चेनवर खुणा करून तारेने बांधली, कॅमशाफ्ट उचलले. आता व्हॉल्वची स्प्रिंग सोडवायची तर खालून व्हॉल्व धरून ठेवायला हवा, नाहीतर तो सुटून सिलिंडरात पडणार. मिस्त्रींनी खुंटीवरून नायलॉनची दोरी काढली. मला वाटलं काही बांधणार. ती त्यांनी प्लगच्या भोकातून आत सोडायला सुरुवात केली. हातभर, दोन हात. सुईत ओवावी तशी. टोक बाहेर ठेवलं. मग मुलाने खालून पाना लावून इंजिन हळूच फिरवलं. पिस्टन वर आला, दोरीचं वेटोळं दाबलं गेलं आणि वरच्या व्हॉल्वना खालून उशी मिळाली. पन्नास हजारांच्या कामाला पाच रुपयांची दोरी.

एका सिलिंडरचे चार व्हॉल्व झाले की दोरी ओढून काढायची, पुसायची, पुढच्यात. सोळा व्हॉल्व. स्प्रिंग दाबली की दोन चिमुकल्या अर्धगोल चकत्या निघतात, चुंबकाने उचलायच्या. एक उडाली. तिघं आणि कुत्रं वीस मिनिटं शोधत होतो. माझ्या चपलेच्या पट्ट्यात सापडली.

जुने सील माझ्या तळहातावर ठेवले. करंगळीच्या पेराएवढे. रबराचे असतात असं म्हणतात. नखाने दाबून बघितलं, नख वाकलं. दोनांची वरची बारीक स्प्रिंग निसटलेली. एक बोटांत धरल्या धरल्या तुटला, वाळक्या आठळीच्या सालीसारखा. नवा त्याच्या शेजारी ठेवला: मऊ, कानाच्या पाळीसारखा.

कॉम्प्रेशन, प्लग, व्हॉल्वचा खेळ, सगळं परत बघितलं. नवं तेल, पुस्तिकेतलंच, जाड नाही. "जाड घालून आजार झाकतोय," हेड कॅशियरना सांगायचं आहे.

सील, पॅकिंग, तेल, मजुरी मिळून सात हजार दोनशे.

"तिसऱ्या रिंगेचं काय?" निघताना विचारलं. "ते आता पट्टीच सांगंल."

९५,३३०. वरची खूण.

७ ऑक्टोबर

काकूंना खिडकीत उभं राहायला सांगून गाडी सुरू केली. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. नाही म्हणजे धूर नाही, की मला कामाला लावू नकोस?

१२ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचा हार बॉनेटवर. पट्टीलाही हळदकुंकू लावावं असं वाटलं. ह्यांनी बघितलं म्हणून नाही लावलं.

दुपारी निघून चिपळूण. पोफळीला आरशात बघितलं. रस्ता, झाडं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

९५,९८०. बरोबर ६५० किलोमीटर, दोन फेऱ्या, जुलैसारख्याच. तेव्हा ४००. आज ५०.

पन्नास जातातच. मिस्त्रींना कळवलं. "जाऊ द्या तेवढं," म्हणाले. "तिचंबी वय झालंय."

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "छान. आता किंमत येईल."

९ नोव्हेंबर, दुसरा शनिवार

गिऱ्हाईक चिपळूणला घर बघायला आलं. नवरा-बायको, भली माणसं. दादा व्हिडिओ कॉलवर: विहीर दाखव, माडी दाखव, परसातला माड दाखव. बाहेरच्या खोलीत मी कपाट किंचित सरकवून ठेवलं होतं. दादाने आधीच सांगितलं होतं तसं.

आईने चहा दिला. मग उठली, कपाटाच्या बाजूला गेली, भिंतीवर तळहात टेकवला. "पाणी इथवर होतं. माडीवर बसलो दोन रात्री."

बाईंनी कप खाली ठेवला.

ते गेल्यावर आईने मला कपाट परत जागेवर लावायला सांगितलं. मी लावलं. दादा अजून कॉलवर होता, छताकडे बघत. फोन टेबलावर उताणा पडलेला.

२० नोव्हेंबर

मतदान केंद्रावर ड्यूटी. पहाटे पाचपासून. गाडी एका झटक्यात सुरू.

२३ नोव्हेंबर, चौथा शनिवार

निकालाचा दिवस. चिपळूणमध्ये सगळे टीव्हीसमोर. आई अंगणात. माझ्या डिकीतला डबा तिने पाहिला. अजून अर्धा आहे. "हे तेल बिजागऱ्यांना चालेल काय गो?" चालेल म्हटलं. दुधाच्या बाटलीतून थोडं दिलं. तिने बाटली उजेडात धरून बघितली.

"ही तिची ना?"

हो.

मागच्या दाराला तेल सोडलं. तीन वर्षं कुरकुरत होतं. पाणी गेल्यापासून.